पुढच्या दारानं

काम तसं साधंच होतं. उकडलेल्या गव्हाचं ताट लामिया शहरातून इथं मिलियाला न्यायचं, न सांडता.

वर्षश्राद्धाचे गहू कसे असतात, तुम्हाला ठाऊक आहे. वर पिठीसाखरेचा दाबून बसवलेला थर, त्यावर बदामांचा क्रॉस. गाडीनं एक गचका खाल्ला की साखरेला तडा जातो, आणि देवळात बायका सगळ्यात आधी तोच बघतात. म्हणून अर्गिरोनं ताट मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हातांनी धरून. शनिवार, अठरा जानेवारी, मागच्या वर्षीची गोष्ट. रविवारी सकाळी तिच्या आईच्या नावानं प्रार्थना होती. संध्याकाळी सहाला दोघं निघाले. गाडी स्तेर्गिओस चालवत होता.

तुम्ही म्हणाल, काका, ही तर आपल्याच गावची अर्गिरो. तीच. यातलं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बाकीचं तिनं मला सांगितलंय, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. म्हणजे... आईशी बोलायची. तिथूनच तर सगळं सुरू झालं.

तिची आई कोंदिलो. तुमच्यातल्या लहानांना आठवत नसेल. चौकात, थिमिओसच्या कॉफीच्या दुकानासमोर चाळीस पावलांवर तिचं घर. पण त्या घराच्या पुढच्या दारातून अर्गिरो कधी रात्री आत गेली नाही. अर्गिरो तेहेतिसाव्या वर्षी विधवा झाली, लामियात औषधाच्या दुकानात नोकरीला लागली, आणि कोंदिलोचे नियम तिच्या मागोमाग शहरात गेले. दिवेलागणीनंतर बाहेर राहायचं नाही. दात दाखवून हसायचं नाही. गावात आलीस तर चौकातून यायचं नाही, पुरुष बसलेले असतात; झऱ्यापाशी उतरायचं आणि मागच्या पायवाटेनं वर यायचं, मागच्या दारानं. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"कुठं आहेस?"

"घरीच आहे, आई."

"मग मागं हसतंय कोण?"

"टीव्ही आहे."

"बंद कर तो. विधवेच्या घरातून हसू ऐकू जाऊ नये."

"आई, मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे."

"म्हणून तर सांगते. अठराची असतीस तर लोकांनी सोडून दिलं असतं."

टीव्ही नव्हता तो. स्तेर्गिओस होता. बॉयलर दुरुस्त करतो, स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः हसतो, असा माणूस. दर पंधरा दिवसांनी तो तिला गावापर्यंत सोडायचा. गावापर्यंत म्हणजे झऱ्यापर्यंत. चिनाराखाली गाडी थांबायची, ती उतरायची, आणि तो दिवे न लावता गाडी वळवून निघून जायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

कोंदिलो वाईट बाई होती असं समजू नका. ती घाबरलेली होती. आणि कुणाला घाबरायची? थिमिओसच्या काचेमागं बसणाऱ्या आम्हा सात-आठ जणांना. कुणाची सून कुठल्या गाडीतून उतरली, कुणाच्या पोरीनं केस का कापले. आमचा वेळ जायचा हो त्यात. तिकडं एका म्हातारीची झोप जायची, हे आम्हाला कुठं ठाऊक.

आता त्याच्या आदल्या वर्षीचं ऐका. शुक्रवार, एकोणीस जानेवारी. दुपारी कोंदिलोनं मुलीला फोन केला, म्हणाली, "डोकं गरगरतंय. येऊन जा." ती असं कधी म्हणायची नाही. दोघं तसेच निघाले. सहा वाजून वीस मिनिटांनी झऱ्याशी पोचले. बर्फ पडत होतं.

स्तेर्गिओस म्हणाला, "आज तरी दारापर्यंत सोडतो."

"नको. सगळे बसले असतील."

"बसू देत की. आई आजारी आहे तुझी."

"तुला माहीत नाही तिला. मला तुझ्या गाडीतून उतरताना कुणी बघितलं, तर त्यानंच मरेल ती."

उतरली. चौकातून गाडीनं तीन मिनिटं लागली असती. बर्फातल्या पायवाटेनं पंचवीस लागली. कोंदिलो मागच्या पायऱ्यांच्या तळाशी पडलेली होती. अंग अजून गरम होतं. आत कॉफी उतू जाऊन गॅस विझला होता.

अर्गिरो ओरडली तेव्हा आम्ही धावलो. डॉक्टर आला, त्यानं बघितलं, आणि डॉक्टर बोलून जातात तसं सहज बोलून गेला, "अर्धा तास आधी कुणी असतं तर..."

एवढ्यात स्तेर्गिओस पळत वर आला; त्या दिवशी तो निघून गेला नव्हता, झऱ्याशीच थांबला होता. आरडाओरडा खालपर्यंत गेला होता. टोपी नाही, धापा टाकतोय. कुणीतरी विचारलं, हा कोण. कुणीतरी कशाला, मीच विचारलं. आणि अर्गिरो, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, मान वर न करता म्हणाली,

"टॅक्सीवाला आहे."

तो मागं सरला आणि अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला. कोंदिलोला मातीत ठेवलं त्या दिवशीही तो कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभा होता.

पुढचं वर्ष तिनं कसं काढलं ते तिलाच माहीत. कपाटातले रंगीत कपडे वाटून टाकले. संध्याकाळी फोनची वेळ झाली की हातातलं काम सोडून बसायची. मला एकदा म्हणाली, "काका, आईचं ऐकलं म्हणून आई गेली. आणि ऐकलं तेही तिच्यासाठी नाही. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून." मीही त्या काचेमागचाच.

स्तेर्गिओसला तिनं येऊ नको सांगितलं. तो येत राहिला.

तर ती शनिवारची रात्र. सव्वासात वाजले होते. आकाश स्वच्छ, कडाक्याची थंडी, रस्त्यावर एकही गाडी नाही. झऱ्याचं वळण आलं तसा स्तेर्गिओसनं सवयीनं वेग कमी केला. ती आजही इथंच उतरणार होती, ताट घेऊन, अंधारात. वर्षभर जळूनसुद्धा सवय तीच.

चिनाराखाली कुणीतरी उभं होतं.

"आजी आहे कुणीतरी," स्तेर्गिओस म्हणाला. "या थंडीत? अंगात कोटही नाही." आणि त्यानं गाडी थांबवली.

काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. आपल्या गावात अशा वीस म्हाताऱ्या निघतील. अर्गिरोला दिव्यात फक्त झगा दिसला आणि पाय. मागचं दार उघडलं. थंड हवा आत आली, चुलीचा धूर आणि ओल्या लोकरीचा वास आला. दार लागलं.

"कुठं सोडू, आजी?"

"वर."

एकच शब्द. अर्गिरोचे हात ताटावर घट्ट झाले.

तिला मागं बघता येईना. ताट होतं, हे एक. पण ताट नसतं तरी बघितलं नसतं. आरसा स्तेर्गिओसच्या बाजूला वळवलेला होता. तिला फक्त आपल्या मानेवर गारवा जाणवत होता, खिडकी फटभर उघडी राहिल्यासारखा. खिडक्या बंद होत्या.

गाडी चढू लागली. स्तेर्गिओस बोलका माणूस, तो काहीबाही बोलत राहिला. थंडी फार आहे, आजी. तुमच्याकडं लाकडं आहेत ना, आजी.

मग मागून आवाज आला.

"बाळा... तू टॅक्सीवाला का?"

त्यानं अर्गिरोकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं. टॅक्सीवाला."

गाडी दुसऱ्या गिअरवर. पहिलं वळण. दुसरं.

"नाही, आई," अर्गिरो म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "टॅक्सीवाला नाही."

"मग?"

"माझा माणूस आहे. सहा वर्षं झाली."

नुसतं इंजिन.

"आठ."

आईशी बोलतानाची जुनी सवय; तिनं इथंही दोन वर्षं कमी सांगितली होती.

"आठ वर्षं गाडी खाली थांबते. आवाज ओळखते मी. रात्री सगळं गाव गप्प असतं... इंजिन ऐकू येतं. मग दहा मिनिटं काही नाही. मग तू चालायला लागायचीस."

स्तेर्गिओसनं वेग आणखी कमी केला. त्याला कळलं होतं.

"त्या दिवशीही ऐकलं."

"आई..."

"म्हणून उठले. मागचं दार उघडायला."

"आई, नको."

"पायरीवर बर्फ होतं."

अर्गिरो रडली नाही. रडता येत नव्हतं. खालची पायवाट जिथं रस्त्याला येऊन मिळते तिथं गाडी पोचली. डावीकडं मागचं दार, उजवीकडं चौक. स्तेर्गिओसनं ब्रेक लावला. अंधारात तिघं... की दोघं.

"पुढनं चल," मागून आवाज आला.

तो उजवीकडं वळला.

आता मी पाहिलेलं सांगतो. सव्वासात होऊन गेले होते. आम्ही पत्ते खेळत होतो. काचेवर दिवे पडले, सगळ्यांनी माना वळवल्या. नेहमीचंच. गाडी चौकातून हळू आली, चालत यावी तशी, आणि कोंदिलोच्या दारात थांबली. थिमिओसनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

गाडीत तीन माणसं होती. पुढं दोन. मागं एक, मधोमध, ताठ बसलेलं, डोक्याला रुमाल. मला वाटलं, मावशीला आणलं असेल कुठल्या तरी.

दोघंच उतरली.

अर्गिरोनं ताट गाडीच्या टपावर ठेवलं. मागचं दार उघडलं. वाकली. बराच वेळ तशीच वाकलेली होती, आत कुणाशी तरी बोलत असल्यासारखी. मी उठून काचेशी गेलो. सीट रिकामी होती. चौकातला दिवा थेट आत पडत होता, चुकायचा प्रश्नच नव्हता.

मग तिनं दार लावलं. ताट उचललं. दुसऱ्या हातानं स्तेर्गिओसचा दंड धरला आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या दारानं आत गेली. माझ्या हातातले पत्ते मी खाली ठेवले, आणि सांगतो तुम्हाला, मला त्या घराकडं बघायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी देवळात आणि मग कबरीपाशी प्रार्थना झाली, तेव्हा स्तेर्गिओस तिच्या शेजारी उभा होता, भिंतीच्या आत. इस्टरनंतर दोघांनी लग्न केलं. सगळं ठीक झालं असं तुम्ही म्हणाल. मीही तिला तसंच म्हणालो होतो. म्हटलं, "बघ, पोरी, माफ केलं की तुला आईनं."

तिनं मान हलवली. "असं म्हणू नका, काका. ती एवढंच म्हणाली, पुढनं चल. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी वाकून विचारलं तिला. तीनदा विचारलं. सीटला विचारत होते मी."

अजूनही संध्याकाळी ती घड्याळाकडं बघते. स्तेर्गिओस तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो.

एक राहिलंच. त्या रविवारी सकाळी, देवळात जायच्या आधी, स्तेर्गिओसनं मला हाक मारली. गाडी रात्रभर चौकातच होती, कुलूप लावलेली, काचांवर बर्फाचा थर. त्यानं माझ्यासमोर मागचं दार उघडलं. सीटवर मधोमध सब्जाची एक डहाळी होती. हिरवीगार, काळ्या दोऱ्यानं बांधलेली. जानेवारीत. ऑक्टोबरातच गावातल्या सगळ्या कुंड्यांतला सब्जा थंडीनं जळून गेलेला.

आपल्याकडं घरी आलेल्या पाहुण्याला निघताना सब्जाची डहाळी देतात. आणि मयताच्या हातातही ठेवतात.

स्तेर्गिओसनं माझ्याकडं बघितलं... मी डहाळी उचलून त्याच्या हातात दिली. पानं ओली होती. दोन दिवस माझ्या बोटांचा वास गेला नाही.