कापसापलीकडचं टोक

त्या दुपारी मला फक्त कॉम्प्युटरला वायफाय जोडायचं होतं. बस, एवढंच काम. साडेचारला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेची ऑनलाइन मुलाखत होती. ती हुकली असती, तर बाबांनी ठरवलेलं स्थळ रविवारी मला बघायला येणार होतं.

आमचं घर जानेफळला. पुढे बैठक, मागे माझी खोली, आणि मधल्या खोलीत कापूस. जमिनीपासून पार पत्र्यापर्यंत! बीटीचं बियाणं पेरलं तरी गुलाबी बोंडअळी आलीच. तिच्यातून जे वाचलं, ते भाव चढेपर्यंत घरात दाबून ठेवलेलं. सगळं गाव हेच करतं आणि उन्हाळाभर अंग खाजवत बसतं.

राउटर बैठकीत. दिवाळीपर्यंत माझ्या जुन्या कॉम्प्युटरला तो नीट सापडायचा. मग खोली भरत गेली, तशा रेंजच्या रेघा कमी होत गेल्या. त्या दिवशी एकही नव्हती. मी ड्रायव्हर काढून परत टाकला, राउटर बंद-चालू केला, चॅनेल बदलून पाहिला. काही नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटच्या वेच्याचा तो दमट कापूसच मधल्यामध्ये वायफाय गिळत होता!

मी तशीच अंगणातून वळसा घालून बैठकीत गेले. व्यापाऱ्याची माणसं चहा पीत बसली होती.

"बाबा, मी कॉम्प्युटर इथं आणून राह्यली."

"ह्या लोकाइसमोर इंग्रजी फाडशील काय?" बाबा हसले. माणसंही हसली.

"मंग कापूस हालवा."

"तुया वायफायसाठी? येडी झाली काय वं!"

मोबाइलला पत्र्यावर चढलं तरच रेंजची एक कांडी, तीही वाऱ्यावर. मी पाय आपटत परतले. पण हार मानणारी मी नव्हेच. कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारी बोटभर डोंगल एका लांब वायरच्या टोकाला लावली, दुसरं टोक कॉम्प्युटरमध्येच ठेवलं आणि डोंगलचं टोक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या, काडीला बांधलं. कापूस अडवायला माझ्या बाजूच्या दारात लावलेल्या फळ्यांवर चढले आणि पत्र्याखालच्या फटीतून आत सरपटले.

आत भरदुपारी अंधार. कोंदट, आंबूस वास. माझा स्वतःचा श्वासही मला ऐकू येईना. कापूस आवाज पिऊन टाकत होता. हात टेकावा तर कोपरापर्यंत आत जायचा. आणि उबदार... आत खोलवर कापूस उबदार होता. पण मला मजा येत होती, खरं सांगते. लहानपणी कापूस तुडवायला याच खोलीत उड्या मारायचे मी! काडी पुढे रेटली. पार हात ताणून रेटली. तरी पलीकडची भिंत लागेना.

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी काडी धरली.

ओढली नाही. नुसती धरली, आपण दुसऱ्याच्या हातातून पाण्याचा पेला घेतो तशी. मग काडी अलगद माझ्या हातातून सुटून पुढे गेली.

बाबा विरघळले तर! बैठकीकडचं दार उघडलं त्यांनी! मी आनंदाने ओरडले, "बाबा, तसंच धरून ठेवजा! सोडू नका!"

मग कापसातून, अगदी दबून, होकार आला...

"हाव..."

मी उलटी सरपटत खाली आले. स्क्रीनवर पाचही रेघा भरलेल्या! मुलाखत अशी झाली म्हणून सांगू... एकदाही चित्र अडकलं नाही. शेवटच्या फेरीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटू, असं ते म्हणाले. मी केसांत कापूस घेऊनच बैठकीत धावले.

"बाबा! थँक्यू!"

बाबा तिथेच, त्याच खुर्चीत. त्यांच्या मागे मधल्या खोलीचं दार. त्याला कुलूप.

"काह्याचं थँक्यू?"

"दार... तुम्ही दार उघडलं ना?"

"ते उघडलं त कापूस आंगावर येईन ना बैठकीत. काऊन?"

आई दारात उभी होती. तिने माझ्या केसांतला कापूस काढला आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"आत गेली होती?"

"मी एकटी नव्हते, आई. कोणीतरी..."

"यंदा तुया बाबानं घाई केली," ती हळू आवाजात म्हणाली. "येचनीआधी वावरात दहीभाताचा निवद ठेवा लागते, सीतादहीची पूजा करा लागते. थे नाही केलं. उपाशीच घरात आणलं."

"कोणाले आणलं?"

"तुयं काम झालं ना? मंग इचारू नको."

एरवी असल्या गोष्टींवरून मी आईशी तासभर भांडले असते. त्या दिवशी भांडले नाही. तिने रात्रीच बाबांपुढे काय मांडलं कोण जाणे. सकाळी पडल्या भावात कापूस गाडीत भरला गेला. दुपारपर्यंत मधली खोली रिकामी. मी उंबऱ्यावर उभी राहून पाहिलं. माझी वायर फरशीवर सरळ पडली होती. टोकाला डोंगल नव्हती. काडीही नव्हती. गाडी भरणाऱ्यांना विचारलं, कोपरे झाडून पाहिले. नव्हतीच.

मला रडूच कोसळलं. तासाभरात शेवटची फेरी, आणि आता जोडणार कशाने? तशीच खोलीत आले. स्क्रीनकडे पाहिलं.

पाच रेघा. जोडलेलं.

मी वायर उपटायला हात घातला. आणि थांबले. उपटली असती, तर रविवार होता. खुर्चीत बसले, केस नीट केले. समोर हैदराबादची बाई दिसली, हसली. "सुरू करू या?"

"हो," मी म्हणाले.

टेबलाखाली सैल पडलेली वायर मधल्या खोलीच्या बाजूने हळूहळू ताणली गेली.