जुपलेला नांगर

यवतचे साहेबराव आप्पा माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले आहेत. जेवणे उरकली की अंगणात पोरे त्यांच्याभोवती जमतात. ही हकिकत सांगण्याआधी ते दारावरचा दिवा मालवायला लावतात. ती त्यांच्याच विद्यार्थ्याची, रोहिदासची आहे आणि तारखेसकट खरी आहे, असे त्यांचे म्हणणे.

रोहिदास शिरूरच्या एका संस्थेच्या संग्रहालयात करारावर होता. लाकडी नांगरांचे दालन उभे करणे हे त्याचे काम. शनिवारी उद्घाटन होते. दालन अध्यक्षांच्या मनासारखे झाले, तर नोकरी कायम होणार होती. आदल्या दिवशी, १७ जानेवारी २०२५ रोजी, तो इनामगावला गेला आणि म्हाताऱ्या कस्तुराबाईंच्या गोठ्यातला नांगर टेम्पोत घालून घेऊन आला. बाभळीचे खोड, त्यातून पुढे निघालेली लांब हाळीस, पिढ्यांच्या मुठीने गुळगुळीत झालेले रुमणे, झिजलेला फाळ आणि दोन बैलांचे जू.

निघताना म्हातारीने त्याला थांबवले होते.

"दिवसा जू बांध, लोकास्नी दाव. दिवस मावळला की सोडायचं. जुपलेला नांगर रातभर ठिवत न्हाईत, बाळा."

"आजी, बैलंच न्हाईत आता. वढणार कोण?"

"म्हणून तर सांगती."

मांडामांड करता करता रात्रीचे दहा वाजले. अध्यक्षांना सुटे भाग नको होते. शेतात दिसतो तसा जुपलेला नांगर हवा होता. रोहिदासने जू दोन लोखंडी स्टँडवर ठेवले, दोराने हाळिशीला आवळले, बैलाच्या मानेला दोन्हीकडून अडवणाऱ्या खुंट्या, म्हणजे शिवळा, ठोकून बसवल्या. सकाळी पुन्हा कोण बांधत बसणार? त्याने सगळे तसेच ठेवले आणि शेजारच्या खोलीत सतरंजी टाकली.

संकष्टीची रात्र. एक वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली. लाकूड करकरत होते. ओझे ओढताना करकरते, तसे.

त्याने दालनात दिवा लावला. नांगर जागेवर होता. दोर मात्र तारेसारखा ताणलेला. गाठीत नख शिरेना. गाठ सोडायची, तर जू जरा उचलायला हवे. हात दोन्ही गुंतलेले. म्हणून तो वाकला... आणि उजवीकडच्या शिवळांमध्ये, बैलाच्या जागी, मान घातली.

जू उचलले गेले.

दोन्हीकडून.

डावीकडे कुणी नव्हते. तिकडून श्वास येत होता. जड. ओला...

मागे रुमणे करकरले.

"चल," कुणीतरी म्हणाले. हळू. रोजच्यासारखे.

इथून आप्पा थेट सकाळवर येतात. मग काय झाले, असे पोरांतल्या प्रांजलने एकदा विचारले होते.

"त्यानं मलाबी न्हाई सांगितलं," आप्पा म्हणाले.

सकाळी अध्यक्ष आले, तेव्हा जू सोडून भुईवर ठेवलेले होते आणि रोहिदास त्याच्यापुढे उभा होता. पुन्हा बांधायला सांगितले, तर सर्वांदेखत नाही म्हणाला. नोकरी तिथेच संपली.

संध्याकाळी तो इनामगावला गेला. कस्तुराबाईंनी त्याची कॉलर मागे सारून मान पाहिली. तिथले कातडे काळे, जाड, दगडासारखे झाले होते. बाजारात बैल घेताना फिरवतात, तसे म्हातारीने त्यावरून बोट फिरवले.

"ह्यो घट्टा एका रातीचा न्हाई," ती म्हणाली. "धा वर्सं जू वढावं लागतं."