बुजवलेलं बीळ

जेवणं उरकून आखातातल्या माहूजमध्ये कामगारांच्या बिल्डिंगच्या गच्चीत मंडळी बसली होती. महादेवकाकांनी विडी विझवली.

"गुंडू माझ्या खोलीत राहायचा," ते म्हणाले. "आता गावी असतो, आजऱ्याकडं. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो."

अश्विनीने पोरीला पदराखाली घेतलं. "काका, हिच्या कानावर पडेल असलं काही नको."

"तिला काय कळतंय. तू तुझे कान झाक."

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. माळावर विसरलेलं फावडं आणायला साहेबांनी गुंडूला पाठवलं.

गुंडू साहेबांच्या बंगल्यावर कुत्री सांभाळायचा. टेरियर जातीची. दिसायला एवढीशी, पण बिळात शिरून कोल्ह्याला भिडणारी. साहेबांसारख्या आठ-दहा हौशी शिकारी लोकांनी त्या जातीचा क्लबच काढला होता. पिल्लांच्या शेपट्या कापायच्या, वंशावळी लिहायच्या, आणि कुठलं कुत्रं बिळात किती वेळ टिकतं त्यावर सर्टिफिकेट द्यायचं. मेलेला कोल्हा मानेला धरून फोटो काढायचे आणि त्याच हातांनी सँडविच खायचे. त्यांना पाणी द्यायला जवळ गेलं की गुंडू श्वास रोखायचा. रक्ताचा वास, कुत्र्यांच्या लाळेचा वास, वर अत्तराचा.

त्या दुपारी साहेबांनी डॉलीला बाहेर काढलं. डॉली बारा दिवसांची बाळंतीण. थानं दुधानं तटतटलेली.

"साहेब, हिला नको," गुंडू म्हणाला.

"क्लबचं साल या आठवड्यात संपतंय," साहेब म्हणाले. "पुढच्या सालाला ही म्हातारी होईल."

क्लबचा रिवाज असा की कुत्रं आत गेलं की बिळाची बाकीची तोंडं बुजवायची, म्हणजे कोल्हा निसटत नाही. ते काम गुंडूचं. त्यानं दगड ठासून बसवले. डॉली आत भुंकली, मग झटापट झाली, मग ती कण्हायला लागली. वरून खणलं तर खाली कातळ लागला. दिवस मावळला. आठला क्लबचं जेवण होतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "एक तास दहा मिनिटं. आजवर कोण एवढं टिकलं नाही. खलास. माती लोट."

"साहेब, आतनं आवाज येतोय की."

"तुझा व्हिसा कुणाकडं आहे, गुंडू?"

गुंडूनं माती लोटली. पायानं दाबली. जागा होती तशी सपाट केली.

जेवणाच्या वेळी डॉलीचं सर्टिफिकेट वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुंडू कबाबचं ताट धरून उभा होता. एका पाहुण्याच्या नखात सकाळी मारलेल्या कोल्ह्याचे केस अजून होते. त्यानं त्याच बोटांनी कबाब उचलला आणि बोटं चाटली. गुंडू ताट घेऊन पुढच्या पाहुण्याकडं सरकला.

मागच्या खोलीत सत्यवती, बंगल्यावरची कामवाली, डॉलीच्या पाच पिल्लांना बाटलीनं दूध पाजत होती.

"थुंकून टाकतायत रे," ती म्हणाली. "सकाळपर्यंत एकपण राहायचं नाही. फावड्याला जातोयस ना? जिवंत असली तर घेऊन ये तिला. आणि साहेबांना बाबा सांगू नकोस."

म्हणून गुंडू गेला. पिकअप घेऊन, एकटाच.

माळावर पोचला तेव्हा दहाला पाच कमी होते. चांदणं नव्हतं. गाडीचे दिवे बिळावर सोडले आणि तो खाली उतरला.

आवाज येत होता. कण्हण्याचा नाही. चुटुचुटु... चुटुचुटु... पिल्लं थानाला लागल्यावर होतो तसा.

मातीखालून.

"डॉली?" गुंडू म्हणाला. आवाज थांबला नाही. त्यानं कान जमिनीला लावला. जमीन थंडगार होती. आवाज अगदी गालाजवळ.

बुजवलेल्या तोंडाशी तो खणायला लागला. आधी फावड्यानं. मग हातानं. एक दगड निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला हात लावला...

आवाज बंद.

दगडाच्या मागं डॉली होती. त्यानं ठासलेल्या दगडाला तोंड लावून पडलेली. पुढच्या पायांना नखं उरली नव्हती. अंग लाकडासारखं ताठ. तासन्‌तास झाले असावेत. तोंडात माती. तिच्या अंगाच्या वासानं गुंडूला ओकारी आली. आणि आपल्या हातांची किळस वाटली.

तोंड पुसून त्यानं बॅटरी मारली. थानं बघितली.

सपाट. रिकामी. आणि ओली...

खिशातला फोन वाजला. सत्यवती.

"गुंडू... पिल्लं गप झाली रे. सगळी. एकदमच."

"मेली?"

फोनवर कुलूप हलवल्याचा आवाज आला.

"सत्यवती, मेली का?"

"मी आत गेले नाही. पाहुणे आत शिरू नयेत म्हणून दाराला कुलूप घालून बाहेर बसले होते. किल्ली माझ्या कमरेला आहे. तू ये."

डॉलीला गोणपाटात गुंडाळून त्यानं गाडी हाणली. बंगल्यावर पोचला तेव्हा सत्यवती तशीच पायरीवर बसलेली. तिनं किल्ली दिली. आत यायला तयार नव्हती.

गुंडूनं कुलूप काढलं. दिवा लावला.

पाचही पिल्लं झोपली होती. पोटं टम्म. हनुवट्यांना दूध. दुधात माती.

त्यांच्या शेजारी पेंढ्यात एक खळगा पडला होता. डॉली निजायची तेवढाच. गुंडूनं त्यात हात घातला.

पेंढा गरम होता.