करपलेलं दूध

“खबरदार बाळाला हात लावलास तर!” सासूबाई कडाडल्या, आणि थोरलीचे पुढे झालेले हात तसेच अधांतरी राहिले...

केवढं अब्रूदार घर ते! धाकटी सून बाळ घेऊन नुकतीच दवाखान्यातून आलेली, बघायला शेजारणी जमलेल्या. त्यांच्यादेखत थोरलीचा पाणउतारा झाल्याशिवाय अब्रूला झळाळी कशी यायची? “गांजेकस बाई ही! हिच्या हातात माझं नातवंड?” सासूबाईंनी शेजारणींना ऐकवलं. थोरलीचा नवरा, अख्ख्या वर्गाला दरडावणारा मास्तर, पंखा आजच बसवल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला.

थोरलीने आयुष्यात साधी सुपारी चघळली नव्हती!

धाकटीला दिवस गेले तेव्हा घोटभर पाणी पोटात टिकेना. नवरा परगावी नोकरीला. “आम्ही नाही का पोरं काढली?” म्हणत सासूबाई मिटक्या मारत जेवायच्या. शेवटी कुणा मैत्रिणीने दिलेला गांजा ती गच्चीच्या जिन्यात ओढू लागली. तेवढ्याने चार घास टिकायचे. थोरलीला कळलं, आणि त्या भोळीने काय करावं? वास झाकायला मुद्दाम दूध करपवू लागली! घराने तिचं नाव ‘करपी’ ठेवलं. पुढे पुडी सापडली, तेव्हाही “माझी आहे” म्हणून ती मोकळी झाली. तिची स्वतःची कूस रिकामी... त्या बोलण्यापायी हे बाळही हातचं जाईल, हे तिला कुठे ठाऊक होतं!

मग तिनेच धाकटीला दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. धाकटी शिव्या खायच्या तयारीनेच बसली होती. बाईंनी एवढंच विचारलं, “कशासाठी लागतो? किती वेळा?” डॉक्टरांकडून उलट्यांवरचं औषध मिळवून दिलं. “पूर्ण सुटला तर उत्तम. एकदम नाही जमलं, तर कमी करत या. पण भीतीपोटी तपासणी चुकवू नका. तो अंगावरच्या दुधातही उतरतो, दूध काढून टाकून भागत नाही. बाळ झाल्यावर तलफ आलीच, तर आधी बाळ भरवशाच्या माणसाकडे द्या, मग मला फोन करा.” आणि थोरलीकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही ते दूध जाळणं थांबवा हो. तुम्ही झाकत राहिलात, तर हिला सोडायची घाई कशाला होईल?”

थोरली ओशाळली. धाकटीने मात्र सोडला. अडखळत, मधे घसरत, पण सोडला.

आणि आज, या गलक्यात, बाळाच्या रडण्यात, धाकटीची नजर गच्चीच्या जिन्याकडे वळली. तलफ! भरवशाचं माणूस घरात एकच, आणि त्याचेच हात अडवलेले!

“आई, गांजेकस मी आहे!” ती हुंदका देत ओरडली. “पुडी माझी होती. माझा वास झाकायला ताई दूध जाळायच्या. मला आत्ता ओढावंसं वाटतंय... बाळ ताईंकडेच द्या!”

एरवी उठवून न उठणाऱ्या शेजारणी चपला शोधू लागल्या. मास्तरची नजर पंख्यावरून उतरली, पण बायकोपर्यंत पोचायचं धैर्य तिला झालं नाही.

सासूबाई माफी मागतील? छे! त्यांनी बाळ उचललं, थोरलीच्या हातांत ठेवलं आणि “मान सांभाळ” एवढंच म्हणाल्या. धाकटी फोन घेऊन खिडकीशी गेली. थोरलीच्या आसवांनी बाळाचं दुपटं भिजलं...

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, आणि मागोमाग सासूबाईंचा, कधी नव्हे तो ओला झालेला:

“तू बस त्याला घेऊन. दूध मी बघते.”