फाटकावरचं तिसरं नाव

अनुश्री, आज संध्याकाळी फाटक उघडताना पाटीवर बोट फिरवत तू विचारलंस ना, "आजोबा, ये तीसरा नाम किसका है?" वर माझं नाव, मधे तुझ्या आजीचं, आणि खाली निळ्या अक्षरात 'सुकवारो'. तेव्हा मी टाळलं. आता लाइट गेलेच आहेत आणि अभिनवनंही मोबाइल खाली ठेवला आहे, तर सांगतो. माझ्या दोस्तावर गुजरलेली गोष्ट आहे. एक शब्द खोटा निघाला तर उद्याचा चहा देऊ नका मले.

दोस्ताचं नाव प्रल्हाद खानोरकर. तो आमच्याच ऑफिसात सर्वेअर होता, मी नकाशे तपासायच्या टेबलावर. अठ्ठावीस वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही. त्याच्या घरचं वांगं माझं आणि आपल्या घरचं लोणचं त्याचं, असा हिशोब होता.

तारीख सांगतो. १९ नोव्हेंबर २०२२, शनिवार, कार्तिक वद्य दशमी. त्या संध्याकाळी प्रल्हाद गोल बाजारात गेला. काम साधंच होतं. फ्रेम करायला टाकलेला एक नकाशा घरी आणायचा होता. आमचे साहेब महिनाअखेर रिटायर होणार होते, त्यांना भेट द्यायचा. नकाशा उत्तरेकडच्या जंगलाचा, सरगुजाच्याही पलीकडचा. त्यातल्या एका तळ्यावर छापलं होतं, 'हरिदास सरोवर'. हरिदास म्हणजे साहेबांचे वडील. त्या बिचाऱ्यांनी ते तळं जन्मात पाहिलं नव्हतं.

ही बदमाशी कशी झाली, ते ऐका. नकाशावर नदीनाल्याचं नाव मनानं टाकता येत नाही. तिथल्या माणसानं ते सांगायचं, फॉर्मवर अंगठा द्यायचा, मग सर्वेअरची सही, आणि शेवटी तपासणाऱ्याची. त्याच कामासाठी प्रल्हाद आदल्या उन्हाळ्यात तिकडे गेला होता. हिरालाल नावाचा म्हातारा त्याले वाट दाखवायचा. चार दिवस तो पुढे चालला आणि एकेका पाण्याचं नाव सांगत गेला. हा चिरईपानी, तो बाघमाडा नाला. एका तळ्यापाशी मात्र थबकला.

"सुकवारो," तो म्हणाला. "मोर बेटी के नाव हे, बाबू."

चौदा वर्षांची पोट्टी. मोहाची फुलं वेचायला गेली आणि त्या तळ्यात बुडाली. सापडलीच नाही. त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे वाडीत, असं मानत, की पाण्यानं ज्याले ठेवून घेतलं त्याचं नाव पाण्याले द्यायचं. म्हणजे ते पाणी त्याचं घर होतं. नाव घेणारं कोणी राहिलं नाही, तर तो जीव दारोदार घर विचारत फिरतो. आणि तो सगळा पाराच आता जंगलातून उठून दुसरीकडे जाणार होता. मग तिचं नाव घेणार कोण?

"नाव ला लिख देबे न, बाबू?"

प्रल्हादनं तळ्यात हात बुडवून सांगितलं, "हव. लिखूंगा." म्हाताऱ्यानं अंगठा दिला आणि घरातली एकुलती एक कोंबडी प्रल्हादसाठी कापली.

इकडे आल्यावर साहेबांनी तळ्याले वडिलांचं नाव नुसतं सुचवलं. प्रल्हादचं प्रमोशन अडलं होतं. त्यानं फॉर्म बदलला. झालं.

तर त्या शनिवारी रात्री साडेनऊला तो नकाशा घेऊन समता कॉलोनीतल्या घरी आला. बायको नागपूरला गेली होती. नकाशा हॉलमधे भिंतीशी टेकवला, जेवला, झोपला.

एक वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं.

त्यानं काचेतून पाहिलं. बाहेर कोणी नाही. पायरी ओली. पाऊस नव्हता.

वळला... तर ती आतच होती.

नकाशापुढे बसलेली. पाठमोरी. केसांतून पाणी गळून राहिलं होतं. एक बोट नकाशावर.

"ये?"

त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "चिरईपानी..."

बोट सरकलं. "ये?"

"बाघमाडा नाला..."

बोट तळ्यावर आलं. थांबलं.

"ये?"

...

"ये?"

त्यानं जे छापलं होतं तेच वाचलं. दुसरं काय वाचणार?

नुसतं पाणी टपकत होतं. मग ती म्हणाली, मान न वळवता,

"त मोर घर कहाँ हे?"

रविवारी पहाटे सहाले प्रल्हाद आपल्या फाटकाशी उभा होता. अंगात रात्रीचाच शर्ट. आत ये म्हटलं तर येईना. हे सगळं त्यानं तिथंच उभ्यानं सांगितलं.

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास तिले?"

त्याची नजर पाटीवरच्या माझ्या नावावर गेली.

"प्रल्हाद, काय म्हणालास?"

"मले माफ कर, बाबाराव. मी म्हटलं, शेवटची सही बाबारावची आहे. तो कुठं राहतो, ते सांगितलं..."

पोट्टेहो, भुताचं भ्या मले तेवढं नाही वाटलं. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या डब्यात जेवलो, त्यानं माझं दार दाखवून दिलं. आत तुमची आजी, वनमाला, झोपली होती, तुम्ही दोघं लहान होता. पण मी त्याले काय तोंडानं बोलणार? हिरालालची सगळी हकीकत त्यानं मले आल्या आल्या सांगितली होती. तरी बदललेल्या फॉर्मवर मी सही केली. दोस्तासाठी केली. आणि मीही म्हाताऱ्याले विकलंच.

प्रल्हाद गेला, मी फाटक लावलं, तेव्हा पाटीवर तिसरं नाव होतं. आमच्या नकाशात पाण्याची नावं जशी निळ्यात लिहितात, तसंच.

ते मी लिहिलेलं नाही. आजीनंही नाही. दोनदा खरवडलं, पाटी बदलून पाहिली. सकाळी परत तिथंच. नकाशाच्या दुरुस्तीचा अर्जही केला. तर म्हणे, मूळ माणसाचा अंगठा आणा. पारा केव्हाच उठला होता. हिरालालले कुठं नेलं, कोणाले सांगता येईना. मग मी ते नाव राहू दिलं. निदान कुठंतरी आहे.

"तो आजोबा, वो पेंट अभी भी गीला क्यों..."

तीन वर्षं झाली, बाई. तीन उन्हाळे गेले त्या पाटीवरून.

अभिनव, बॅटरी लाव. अनुश्री, ते बोट दाखव बरं तुझं. पाटीवर फिरवलं होतंस ते.