पट्ट्यांची चादर

"दादा सुखरूप आहे, वहिनी. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका," म्हणत दिराने चौकीतल्या टेबलावर चित्र ठेवलं. रंग अजून ओला होता.

समोर बसलेल्या चित्रकाराच्या बायकोने हातातली गोळ्यांची बाटली घट्ट धरली. नवरा सोमवारपासून बेपत्ता होता. हृदयाच्या या गोळ्या चुकल्या तर डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हते.

"कुठे आहे तो?" फौजदारांनी विचारलं.

"सांगू नकोस म्हणाला. निवांत काम करायचंय त्याला. बघा ना, खाली सही आहे."

चित्र तसं साधंच. पट्ट्यापट्ट्यांची चादर, तिच्यावर किटली, दोन कांदे, गोळ्यांची रिकामी बाटली. किटलीच्या पोटावरही काळसर पट्टे. फौजदारांना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या रिकाम्या बाटलीवर त्यांची नजर अडली.

"ताई, तुमचे यजमान मनाने काही रंगवतात?"

"छे. समोर असेल तेच. केळं काळं पडलं तर काळंच काढतात, वर माझ्यावरच डाफरतात, हलवलंस का म्हणून." ती हसायला गेली आणि तिला रडू कोसळलं.

"म्हणजे बाटली खरंच संपलीय."

"नवी घेतली असेल," दीर म्हणाला.

ती डोळे पुसत चित्रावर वाकली. चादरीच्या कोपऱ्यावर तिचं बोट थांबलं. "हा रफू माझा आहे. पण ही चादर पांढरी होती, साहेब. यांची चित्रं भाऊजीच विकतात, त्यांनीच ती गोदामात फ्रेमा झाकायला नेली होती."

फौजदार उठून दाराला पाठ लावून उभे राहिले.

"पट्टे चादरीचे असते तर चादरीवरच थांबले असते. ते किटलीवरही चढलेत. ही गजांची सावली आहे, वरून पडलेली. तुमच्या गोदामाला खिडकी कुठेय?"

दिराने ओठांवरून जीभ फिरवली. "छतात."

"गजांची?"

त्याने चित्र स्वतःकडे ओढून घेतलं.

"जन्मभर भावाची चित्रं विकलीत आणि बघितलीत फक्त सही. एकदा चित्र नीट बघितलं असतंत, तर इथे आणलं नसतंत."

"मी गिऱ्हाइकांना शब्द दिला होता," दीर पुटपुटला. "आणि हा म्हणे, आता रंगवणार नाही. काम झालं की सोडणारच होतो."

"गोळ्या संपल्याचं त्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं. मला वाटलं, सोंग करतोय."

गोदामाचं कुलूप तोडलं तेव्हा चित्रकार भिंतीशी पडला होता. ओठ निळे पडलेले. बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गोळी जिभेखाली ठेवली आणि ती हाका मारत राहिली. डॉक्टर येईपर्यंत मारत राहिली. मग कुठे त्याच्या पापण्या हलल्या.

"रफू दिसला?" त्याने विचारलं.

"दिसला हो," ती म्हणाली. "वाकडा आहे तो वाकडाच काढलात."