आतून प्लास्टर

मस्करी मी मान्य करतो. बोरिवलीच्या टॉवरच्या नकाशात, लिफ्ट लॉबीत म्हैस काढून ठेवली होती, ती मीच. पण ते ऑफिसातल्या ऑफिसात. साइटवर जाणाऱ्या कागदाशी एकोणीस वर्षांत कधी खेळलो नाही. तरी नमिता मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलंच, "नंदू, हे काय आहे?"

अंधेरी ईस्टला आमचं आर्किटेक्टचं ऑफिस. स्टँडर्ड डीटेलची लायब्ररी माझ्याकडे. म्हणजे बाथरूमची भिंत, खिडकीची चौकट, गच्चीचा कठडा कसा बांधायचा ते एकदाच काढून ठेवायचं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, सगळ्या टीम तिथूनच उचलतात. मी एक रेघ हलवली की सगळ्यांकडे हलते. पासवर्ड फक्त माझा. तिथेच वाट लागली.

स्क्रीनवर पाइपच्या डक्टमागची भिंत होती. माझी भिंत नऊ इंची, भरीव. ही दुहेरी. मधे पोकळी, दीड फूट रुंद, साडेपाच फूट उंच, सगळीकडून बंद. खाली टीप: आतून प्लास्टर, घोटून.

"दार नाही, झरोका नाही. आतून प्लास्टर कोण करणार, तुझा काका?"

"मॅडम, आईशप्पथ, मी नाही."

"पासवर्ड तुझा, नाव तुझं. कोणी केलं ते संध्याकाळपर्यंत दाखव, नाहीतर उद्या येऊ नकोस."

मी डीटेल उडवलं. चहा घेऊन येईपर्यंत परत हजर. पुन्हा उडवलं आणि समोरच बसून राहिलो. पापणी लवली तेवढ्यात आलं. कोपऱ्यात माझंच नाव.

डोकं सणकलं. लोकांना टोप्या घालण्यात आयुष्य गेलं माझं, आणि माझ्याच नावावर कोण टोपी घालतो? कोणीतरी भिंतीत काहीतरी लपवलेलं असणार. ते सापडलं की मी सुटलो. रिक्षा केली आणि मुलुंडची साइट गाठली.

दुपारचे तीन. सुपरवायझर हरेश्वर वैतागूनच आला. "ती पोकळ भिंत? चार महिने झाले बांधून. चौदाही मजल्यांवर. तुमचं स्टँडर्ड ना? स्टँडर्डला प्रश्न कोण विचारतो?"

"आणि आतलं प्लास्टर?"

"वाचून हसलो आणि सोडून दिलं. बंद भिंतीत शिरणार कोण, शेठ?"

"फोड."

सातव्या मजल्यावर घणाचे सहा घाव. वीतभर भोक पडलं. मी टॉर्च मारला.

लपवलेलं काही नव्हतं. प्लास्टर होतं. खालपासून वरपर्यंत, घोटून गुळगुळीत, कोपरे एका सुतात. आम्ही फोडलेल्या विटांच्या आतल्या अंगालाही.

हरेश्वर दोन पावलं मागे सरला.

मी भोकातून हात घालून समोरच्या भिंतीवर बोट दाबलं. बोट रुतलं.

ओलं.

फोटो काढून मॅडमना पाठवला. लगेच फोन. "शाब्बास! आता मिस्त्री हाताशी धरून प्लास्टरही करून घेतलंस? कार्ड जमा कर."

"मॅडम, ऐका तरी, चार महिने बंद..."

कट.

एकोणीस वर्षं! मी ओरडलोच, "हरेश्वर, तू साक्षीला आहेस. माल ओला आहे, माझं बोट उमटलंय. त्याचा व्हिडिओ काढ, मग बघतो मॅडम काय बोलतात."

त्याने मोबाइल धरला. मी परत टॉर्च मारला.

बोटाचा खड्डा लिंपलेला होता. त्यावर थापी फिरवल्याचा अर्धगोल, आणि त्यातून पाणी अजून सुटत होतं.